कमळी माझ्याकडे होती तेव्हा

१८ नोव्हेंबर १९३५, सोमवार

शाळा सुटल्यावर मी आबासाहेब वकिलांच्या कचेरीत गेले. बालरक्षक मंडळीचं काम पत्करून चार महिने झाले. सभांना हजर राहणं आणि एकटीच बाई म्हणून फोटोत मधोमध बसणं, एवढंच आजवर केलं. आज त्यांनी एक कागद पुढं सरकवला. गिरणीमागच्या चाळीतल्या सारजाबाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेला अर्ज. शेजारचा शिवप्पा, गिरणीत सूतखात्यात आहे, बायको मेल्यापासून आपल्या सात वर्षांच्या मुलीला बांधून ठेवतो, दारू पिऊन मारतो. शेवटचं वाक्य लिहिणाऱ्यानं तिच्याच तोंडचं उतरवलंय : "पोरगी मरंल, मग कागदं रंगवा."

"मथुराबाई, एकदा बघून या," आबासाहेब म्हणाले. "मूल काढून घ्यायचा अधिकार कोर्टाला आता आहे. पण कोर्ट पहिलं विचारील, डोळ्यांनी कुणी पाहिलं?"

बरं म्हटलं. घरी येऊन एक भाकरी टाकली. अर्धी उरली.

१९ नोव्हेंबर

पाहिलं.

दाराला नुसती साखळी होती, ती सारजाबाईनं काढली. "चारच्या भोंग्याला येतोय तो. तवर बगून घ्या." आत अंधार. कोपऱ्यात जात्यापाशी मुलगी बसली होती. तिच्या पायाला सुती दोर, दुसरं टोक जात्याच्या खुंट्याला. शेजारी फडक्याखाली भाकरी, तांब्याभर पाणी. घोट्याला दोर रुतून जखम झालेली, तिला पू धरलेला. पोलकं वर करून पाहिलं तर पाठीवर वळ, काही जुने, काही दोन-चार दिवसांचे.

नाव विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत भिंतीकडे बघू लागली.

"कमळी नाव हाय. कमलम्मा," सारजाबाई म्हणाली. "बोलत न्हाय ती. आई तळ्यावर धुणं धुताना पाय घसरून गेली, तवा ही पायरीवरच हुती. तवापासनं शब्द न्हाय."

सतरा वर्षं मुलींना शिकवते आहे. मारक्या बापांच्या मुली पाहिल्या, उपाशी पाहिल्या. दोर पाहिला नव्हता.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काल हुकूम मिळाला, आज हवालदाराला घेऊन गेले. वाटलं होतं, आरडाओरडा होईल, चाळ जमा होईल. चाळ जमली, पण शिवप्पानं काही केलं नाही. पाळीवरून नुकताच आलेला, केसांवर कापूस. हुकूम वाचून दाखवला तेव्हा मान खाली घालून ऐकला. मग गाठ सोडायला बसला. गाठ आवळून दगड झालेली, शेवटी दातांनी सोडवली.

"मारतोस का?" हवालदारानं विचारलं.

"पितो तवा मारतो. खोटं कशाला बोलू?"

मुलगी माझ्या हातात दिल्यावर म्हणाला, "बाई, तिला तळ्याकडं जाऊ देऊ नका. मोकळी सोडली की तिकडंच जाती. तीनदा आनली म्या."

मी म्हटलं, "दोरी बांधायच्या आधी हे कुणाला तरी सांगायचं होतं."

"कुणाला?" त्यानं विचारलं. उर्मटपणे नव्हे, खरंच विचारलं. मी कागदावर त्याचा अंगठा घेतला.

पुण्याच्या आश्रमाला आबासाहेबांनी लिहिलंय, उत्तर येईतो मूल ठेवायचं कुठं हा प्रश्न. मंडळीतल्या सगळ्यांची घरं मोठी आहेत आणि सगळ्यांच्या अडचणीही. माझ्या दोन खोल्या आहेत. चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे.

२४ नोव्हेंबर

कोमट पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकून जखम धुतली. रडली नाही. मीच दोनदा थांबले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणतात, पाय वाचला, आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. शिवप्पाबद्दल मनात जी थोडी कणव आली होती ती गेली.

तिला बरोबर शाळेत नेता येत नाही, हेडबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. म्हणून जाताना भाकरी, शेंगाचटणी, पाणी जवळ ठेवून बाहेरून कडी घालते. खाली घरमालकाचे हातमाग, दिवसभर लोकांची ये-जा. मूल जिना उतरून रस्त्यावर गेलं तर बघणार कोण? मागांचा खडखडाट तिला सोबत होतो. संध्याकाळी येते तेव्हा भिंतीशी बसलेली असते, अगदी शहाण्यासारखी.

४ डिसेंबर

मालकांच्या बायकोनं मागावरचा हिरवा तुकडा दिला, त्याचा परकर शिवला. घातल्यावर कमळी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे बराच वेळ बघत राहिली. मग परकराचं टोक धरून एक गिरकी घेतली, एकच, आणि मी पाहतेय हे ध्यानात येताच थांबली.

हल्ली निजताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरते. कूस बदलायची तर मूठ सोडवावी लागते. मी बदलत नाही.

दोन भाकऱ्या टाकते. एकही उरत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

पुण्याचं उत्तर आलं, जागा नाही. आबासाहेब म्हणाले, कोणी नातेवाईक शोधा, सतरा जानेवारीला कोर्टाची तारीख आहे. बरं म्हटलं.

घरी आले तर जिन्यात सारजाबाई बसलेली. तिनं चौकशी करून आणली होती. कमळीच्या आईची थोरली बहीण, अक्कम्मा, मंद्रूपला दिलेली. नवरा चनबसप्पा, शेती करतात. "लई चांगली बाई हाय म्हनत्यात. तिला कागद घाला."

उद्या लिहीन.

१६ डिसेंबर

सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, दिवस पुरत नाही. पत्र लिहायचं राहिलंय. शिवाय ज्या लोकांनी इतके महिने भाचीची खबर घेतली नाही, त्यांना घाईनं लिहून काय होणार?

वैरागला धाकट्या भावाला, जोतीरामला, मात्र लिहिलं. सहज, माहितीसाठी, की कुणी बाई एखादं मूल कायम ठेवून घेऊ म्हणाली तर कायदा, समाज काय म्हणेल.

१९ डिसेंबर

जोतीरामचं उत्तर. "अक्का, वडिलांनी तुला विधवा झाल्यावर शिकवलं, नोकरीला धाडलं, तेव्हा लोक बोलले, ते आपण सोसलं. आता लिंगायत वाण्याचं पोर घरात ठेवून आणखी काय सोसायला लावतेस? सुट्टीत इकडे ये. मुलं आठवण काढतात."

मुलं आठवण काढत नाहीत. गेल्या दिवाळीत धाकटी मला बघून आईमागे लपली होती. आणि मी काही माझ्यासाठी विचारलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

आबासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर आज मंद्रूपला जाऊन आले. कमळीला मालकांच्या बायकोपाशी ठेवलं. सर्व्हिस मोटारीनं हाडं खिळखिळी झाली.

अक्कम्मा पस्तिशीची असेल. चार मुलं. घर दोन खणांचं, म्हैस आतच बांधतात. मराठी तोडकं बोलते, मध्ये मध्ये कानडी, ते तिचा नवरा उलगडून सांगत होता. भाचीचं नाव काढल्यावर रडली नाही, काही नाही, उठून चूल पेटवायला गेली. मला हे चमत्कारिक वाटलं. पाठमोरीच विचारत होती : ताक लागतं का तिला? कुठल्या कुशीवर निजते? उजव्या, म्हटलं, तर म्हणाली, "आईवानीच." 

चनबसप्पानं सांगितलं की मयतीच्या तिसऱ्या दिवशी ती गाडी जुंपून मुलीला न्यायला गेली होती. शिवप्पानं भांडून दारातनं परत लावली. "आज पाठवता काय बाई? न्हायतर गड्ड्याच्या जत्रेला येतोच आमी समदी. तवा नेतो."

कोर्ट ठरवील, असं सांगून निघाले.

घरी कमळी जिन्याच्या पायरीवर माझी वाट पाहत होती. मोटारीची धूळ तोंडावर असतानाच तिला उचललं.

२३ डिसेंबर

अहवाल लिहिला. घर अपुरं. गुरं राहत्या जागेत. आधीच चार मुलं. मावशीस मराठी फारसं येत नाही, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाची आबाळ होण्याचा संभव. भाचीबद्दल फारशी ओढ दिसून आली नाही. तूर्त मूल आहे तिथेच ठेवावं.

पुन्हा वाचून पाहिला. यात खोटं म्हणावं असं एकही वाक्य नाही. आबासाहेबांना दिला, ते म्हणाले, "मुद्देसूद आहे." आजच दाखल होईल.

४ जानेवारी १९३६, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळची शाळा. बाराला आले, कडी काढली, खोली रिकामी. खिडकी उघडी, खिडकीखाली माझी पुस्तकांची पेटी ओढून आणलेली. तिथून मालकांच्या पत्र्यावर, पत्र्यावरून मागल्या बोळात. कुणी पाहिलं नाही, मागांच्या आवाजात कुणी ऐकलं नाही.

चाळीत गेले. सारजाबाई माझ्याबरोबर धावत निघाली. पोलिसचौकीत गेले. मंगळवार पेठ, मोटारस्टँड, स्टेशन. प्रत्येक हिरवा परकर तिचाच वाटत होता. तळं मला आठवलंच नाही. त्या माणसानं सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं, असं आता दिसतं.

पाचच्या सुमाराला दमून घरी आले तर जिन्याच्या तळाशी शिवप्पा उभा. खांद्यावर कमळी, झोपलेली. तिचे पाय चिखलाचे.

"पायरीवर बसली हुती. पान्यात गेली न्हाय," तो म्हणाला. प्यायलेला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं, ती हरवली म्हणून?"

"कुनी न्हाय. पाळी सुटली की म्या पैल्यांदा तळ्यावर जातो. रोज जातो. ती तुमच्याकडं हाय, म्हाईत हाय, तरी बी पाय तिकडंच जात्यात."

तो वर आला, तिला अंथरुणावर ठेवलं. मग गुडघ्यावर बसून तिचा घोटा पाहिला. जखम भरून आली आहे. अंगठा त्यावरून एकदा फिरवला आणि उठला.

"आज बोलली," तो म्हणाला.

"काय बोलली?"

"अव्व यल्ली, म्हनली. आई कुटं, म्हनून."

"मग?"

"खरं सांगितलं. पान्यात मेली, आता येनार न्हाय. आदी कुनी सांगितलंच नवतं तिला. म्या बी न्हाय." दाराशी थांबून तो म्हणाला, "लई रडली. मग निजली."

निघताना त्याचा हात दाराच्या कडीवर पडला. ती बाहेरच्या अंगाला होती. त्यानं कडीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या झाकलेल्या भाकरीकडे, तांब्याकडे पाहिलं.

"तुमी बी कोंडताच व्हय," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. एखादा दुखणाईत दुसऱ्या दुखणाइताला विचारतो, तसं तो बोलला.

५ जानेवारी

दिवसभर फरक मोजले. मी मारत नाही. मी दारू पीत नाही. दोर नव्हता, कडी होती. मी औषधपाणी केलं. परकर शिवला. त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता...

इथं थांबले. माझ्याकडे होता. मंद्रूपला गाडी जुंपून तयार होता.

कमळी आज दिवसभर बोलते आहे, सगळं कानडी. मला चार शब्द कळतात. ती काहीतरी लांबलचक सांगते, मान वर करून उत्तराची वाट पाहते, आणि मी "हो, हो" म्हणते. दोन-तीनदा असं झाल्यावर ती खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच बोलू लागली.

७ जानेवारी, मंगळवार

आबासाहेबांना म्हटलं, माझा अहवाल परत द्या, दुसरा लिहून देते. ते म्हणाले, दाखल झालेला कागद परत मिळत नसतो. "आणि चूक काय आहे त्यात?"

"तिच्या मावशीनं तिसऱ्याच दिवशी गाडी नेली होती, ते मी लिहिलं नाही."

"राहून गेलं असेल."

"राहून गेलं नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मंडळीत तुम्हाला घ्यायलाच काहींचा विरोध होता. कोर्टात असं काही बोलाल तर ते म्हणतील, बघा. जाऊ द्या. मूल तुमच्याकडे सुखात आहे."

घरी येईतो हेच वाक्य घोळवत होते. मूल तुमच्याकडे सुखात आहे. मोठा मोह आहे या वाक्यात.

शाळेत बारा दिवसांची रजा मागितली. कमळीला घेऊन रोज बाहेर जाते. आज तळ्यावरही नेलं. हात घट्ट धरला होता. पायरीवर बसली, पाण्याकडे पाहिलं, मग उठून म्हणाली, "नडी." चल, असा अर्थ, मालकांच्या सोमलिंग विणकराला विचारलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

शहरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरलेली, पण अक्कम्मा आणि चनबसप्पा तारखेसाठी मागे थांबून कोर्टात आले होते. शिवप्पा मागल्या भिंतीशी, धुतलेला सदरा घालून.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अहवाल वाचून झाल्यावर मला विचारलं, यात काही भर घालायची आहे? मी उभी राहिले आणि सांगितलं. मावशी न्यायला आली होती हे मला माहीत असून लिहिलं नाही. ओढ दिसली नाही हे चुकीचं लिहिलं, ओढ होती, मला बघायची नव्हती. मूल माझ्याकडून एकदा पळून गेलं, कारण मी त्याला कोंडून जात असे.

"म्हणजे आपण माहिती दडवलीत?"

"हो."

"कशासाठी?"

याचं उत्तर तयार केलं नव्हतं. "मला ती मुलगी हवी होती," म्हटलं. लेखनिकानं हे लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. त्याचा टाक थांबला होता.

हुकूम झाला. मुलगी मावशीच्या ताब्यात. बापानं सहा महिने भेटू नये. नेमलेल्या बाईंनी दर दोन महिन्यांनी जाऊन पाहावं. बाई बदलायची की नाही, ते मंडळीनं ठरवावं.

पायऱ्यांवर आबासाहेब म्हणाले, "उगाच स्वतःला कमी करून घेतलंत," आणि छत्री उघडून गेले.

कमळी माझ्या पदराला धरून उभी होती. अक्कम्मा समोर आली, वाकली, म्हणाली, "बा." ये, एवढंच. कमळीनं पदर सोडला. काही क्षण त्या बाईचा चेहरा निरखत राहिली. तिच्या आईसारखा असेल. मग दोन्ही हातांनी तिच्या मानेला मिठी मारली आणि बडबडत सुटली, आणि ती बाई प्रत्येक शब्दाला उत्तर देत होती, चालता चालता, रस्त्यापलीकडे जाईपर्यंत. अक्कम्मानं जाण्याआधी माझ्या हातात कडक भाकऱ्यांचं गाठोडं दिलं होतं. कमळीनं वळून पाहिलं नाही. का पाहावं?

१८ जानेवारी

रजेचा एक दिवस उरलेला आहे. काय करावं सुचत नाही. उजव्या कुशीवर निजून पाहिलं.

२ फेब्रुवारी

मंडळीनं मलाच ठेवलंय. दुसरी बाई मिळत नाही.

२२ मार्च, रविवार

दोन महिन्यांची भेट. सीना नदीचं पाणी आटलंय, मोटार पात्रातल्या वाळूत दोनदा अडकली.

अक्कम्माच्या अंगणात पाच पोरं होती, कुठली तिची ते पटकन ओळखूच आलं नाही. एक मुलगी पळत पळत तांब्या घेऊन आली. अंगानं भरली आहे. डोक्याला तेल, वेणी घट्ट. "पानी घ्या," मराठीत म्हणाली, पाहुणीला म्हणावं तसं. मी म्हटलं, "कमळी, मला ओळखलंस का?" तिनं मान डोलावली आणि हसली, आणि तिला कुणीतरी हाक मारली तशी पळाली. लंगडत नाही.

म्हैस आता बाहेर, नव्या छपरात बांधतात. माझ्या अहवालात म्हशीचं आलं होतं, ते चनबसप्पाला कुणी तरी वाचून दाखवलं असावं. त्यानं फक्त छप्पर दाखवलं. मी नजर वर करू शकले नाही.

अक्कम्मानं आग्रहानं जेवू घातलं. कमळी एकदा उंबऱ्यात येऊन माझ्या ताटाकडे बघून गेली. नोंदवहीत लिहिलं : प्रकृती उत्तम. बोलते. मावशीचा लळा.

परतीच्या मोटारीला वेळ होता. स्टँडवर लिंबाखाली एक माणूस बसलेला, धुतलेला सदरा. शिवप्पा. मला बघून उठला, मग घाबरून इकडंतिकडं पाहिलं.

"घराकडं गेलो न्हाय बाई. हुकूम हाय, म्हाईत हाय. सुटीच्या दिवशी हितवर येतो नि हितनंच माघारी जातो."

"दर रविवारी?"

"व्हय."

मोटारीत मी पुढे, तो मागे. वाळूत मोटार अडकली तेव्हा सगळे उतरले, त्यानं इतरांबरोबर ढकलली. पुन्हा बसताना तो माझ्या बाकाशेजारी उभा राहिला.

"बोलती का?"

"बोलते. थांबतच नाही."

"हासती?"

"हसते."

त्यानं मान हलवली. सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकून विचारलं, "माजं इच्यारलं का तिनं?"

तिनं विचारलं नव्हतं. बापाचं नाव त्या घरात दिवसभरात कुणी काढलं नव्हतं.

"विचारलं," मी म्हटलं. "बाबा बरे आहेत का, म्हणाली."

तो मागे जाऊन बसला. मी वळून पाहिलं नाही, पण काचेत दिसत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड बाहेरच्या रानाकडे, ओठ हलताहेत. तेच वाक्य पुन्हा म्हणून बघत असावा.

खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करते. आज मला कुणी उभं करणारं नव्हतं. अक्कम्माच्या घरून निघताना मलाही उंबऱ्यात थांबून हेच विचारायचं होतं, की कमळी माझं काही विचारते का. जिभेवर आलं होतं. अक्कम्मा हो म्हणाली असती, तरी ते खरं की दया, हे मला कळलं नसतं. म्हणून विचारलं नाही.